साडेतीन बगळे आणि दशांशरावांची गाडी

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते ज्याला डोळ्यांनी बघायचं असेल, त्याने कॉलनीच्या त्या सभेला यायला हवं होतं. दशांशरावांनी हात वर केला तो तिथे. त्यांची बायको पुढे सगळ्यांना सांगत असे, की ह्यांना नुसता पंख्याचा वारा लागतोय का ते बघायचं होतं. पण ते तिने नवऱ्याची अब्रू वाचवायला सांगितलं. हात चांगला शुद्धीत, विचार करून आणि खांद्यापासून सरळ वर गेला होता.

सभा होती तळ्याची. कॉलनीच्या मागे एक तळं होतं. फार मोठं नाही, फार सुंदरही नाही. पाणी हिरवं, काठाला एक जुनं अवाढव्य झाड, आणि मधोमध एक वाळका बुंधा, बुडता बुडता विचार बदलल्यासारखा उभा. नगरकचेरीने ठरवलं होतं की अर्धं तळं बुजवायचं आणि तिथे गाड्या लावायला जागा करायची. मात्र नियमात एक कलम होतं: तळ्यावर ‘दखलपात्र पक्षीजीवन’ असेल तर बुजवता येत नाही. हे कलम एका पक्षीवेड्या ताईंनी शोधून काढलं, घरोघरी कागद वाटले, आणि दर रविवारी सकाळी आपापल्या गॅलरीतून दिसतील ते पक्षी मोजून लिहायला सांगितलं. लोकांनी लिहिलं. कागदांचा ढीग झाला. आणि ऐन वेळी ताईंना दुसऱ्या गावी नोकरी लागली. त्या गेल्या आणि ढीग राहिला.

सेक्रेटरींनी सभेत तो ढीग सगळ्यांना दाखवला. तो कपडे भिजवायच्या बादलीत होता. ते म्हणाले, की ह्यातून अहवाल तयार झाला तर तळंही वाचेल आणि कॉलनीचं नावही होईल, थोडक्यात आपण एका दगडात दोन पक्षी मारू. पक्ष्यांच्या सभेत हे वाक्य जरा विचित्रच वाटलं, पण टाळ्या पडल्या.

प्रश्न एवढाच होता, की ह्या ढिगाचं पृथक्करण करणार कोण. तेव्हा दाताचे डॉक्टर उठले. हे गृहस्थ सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत, त्यांच्याकडे तोफेएवढी दुर्बीण होती, आणि समोरचा माणूस आ वासूनच आपलं ऐकणार अशी त्यांना धंद्यामुळे सवय झाली होती. ते म्हणाले, "हे शास्त्रीय काम आहे. बाहेरून माणूस आणावा लागेल. आपल्यात कोण आहे?" आणि त्यांनी सभेवरून नजर फिरवली. ती नजर दशांशरावांच्या तोंडावरून गेली, रिकाम्या खुर्चीवरून जाते तशी.

तेव्हा तो हात वर गेला.

दशांशराव विमा कचेरीत आकडेवारीच्या शाखेत होते. त्यांचं खरं नाव पाकिटावर पोस्टमन वाचायचा तेवढंच. बसथांबा किती लांब आहे असं कुणी विचारलं तर ते ‘चार पूर्णांक तीन दशांश मिनिटं’ म्हणून सांगत. लग्न नवीन असताना बायकोने एकदा हौसेने विचारलं होतं, भाजी कशी झालीय. ‘दहापैकी सात पूर्णांक दोन’ असं उत्तर आलं. त्यानंतर तिने तो प्रश्न आणि ती भाजी, दोन्ही बंद केली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर दशांशराव फार थोर वाटायला लागतील. तळं वाचावं अशी त्यांची बिलकुल इच्छा नव्हती. त्यांनी नुकतीच एक गाडी घेतली होती, साडूकडून, जुनी. साडूने ‘घरातली आहे म्हणून देतोय’ असं म्हणून दिली, आणि तिची अवस्था बघता बाहेर कुणी घेतलीच नसती हेही खरं. आवारात गाडी लावायला जागा नव्हती. सगळ्या परिसरात एकच जागा मोकळी होती, तळ्याकाठच्या त्या अवाढव्य झाडाखाली. एवढी सावलीची जागा मोकळी कशी, ह्याचं दशांशरावांना पहिल्या दिवशी नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बघून नवल संपलं. वरून उत्तर पडलं होतं.

तेव्हापासून ते रोज सकाळी कचेरीआधी बादली घेऊन गाडी धुवायचे, मग वर चांगलं जाड आच्छादन घालायचे. तळं बुजणार हे प्रथम कळलं तेव्हा सगळ्यांनी सुतकी चेहरे केले. दशांशरावांनीही केला. पण मनातल्या मनात त्यांनी डावीकडून तिसऱ्या जागेत गाडी लावून, दार बंद करून, हँडल ओढूनही बघितलं होतं.

सभेहून घरी आल्यावर बायकोने विचारलं, "म्हणजे तुम्ही तळं वाचवणार?"

"मी कुणालाही वाचवणार नाही," दशांशराव म्हणाले. "मी आकडे तपासणार. जे असेल ते येईल."

"आणि गाडी?"

"आकड्यांना गाडी नसते," असं काहीतरी ते म्हणाले. बायकोने खिडकीकडे बघितलं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे उघडत होती, आणि उन्हाळ्यात घरात वारा यायची तेवढी एकच वाट होती. ती फक्त म्हणाली, की बादली रिकामी करून द्या, मला कपडे भिजवायचेत.

बादली जेवणाच्या टेबलावर रिकामी झाली आणि त्या दिवसापासून घरातली माणसं ओट्याशी उभ्याने जेवायला लागली. कारण टेबलावर पक्षी पसरले होते.

कागद असे होते. वाण्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर कुणी लिहिलं होतं, ‘काळा एक, त्याहून काळा एक.’ एका बाईंनी प्रत्येक रविवारसमोर ‘मागच्यासारखंच’ लिहिलं होतं, आणि पहिल्या रविवारी त्या माहेरी होत्या. डॉक्टरांनी क्ष-किरणाच्या पाकिटावर टाइप करून यादी दिली होती. त्यात पक्ष्याचं नाव, संख्या आणि तिसऱ्या रकान्यात ‘चोचीची अवस्था’. बहुतेकांची समाधानकारक होती. एका पाणकावळ्याला ‘पुन्हा तपासणे’ असा शेरा होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दिसायचं कमी, म्हणून त्या कानांनी मोजत. त्यांच्याकडे कोकीळ उदंड होते. दशांशरावांनी त्यांचा वेळेनुसार आलेख काढला, तर तो इतका देखणा निघाला की ते पाचेक मिनिटं नुसते बघत बसले. सकाळी दुधाच्या वेळी एक उंचवटा, पेपरच्या वेळी दुसरा, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर कोकिळांचा नुसता पूर. कोकिळेच्या आयुष्यात पहिली तारीख एवढी महत्त्वाची का असावी, ह्यावर त्यांनी एक पानभर विवेचन लिहिलं. मग एक दिवस ते आजींच्या शेजारच्या दाराशी गेले, बेल दाबली, आणि आतून कोकीळ ओरडला. ते पान त्यांनी फाडलं. आजींना मात्र सांगवेना. त्यांनी नुसतं म्हटलं की तुमचे कोकीळ फार नियमित आहेत. आजी म्हणाल्या, हो ना, हल्ली माणसांत नाही राहिली ती शिस्त.

पण खरा घोळ मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. त्यांच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: बगळे, साडेतीन. पुढच्या रविवारी: बगळे, अडीच. त्याच्या पुढच्या रविवारी: बगळा, अर्धा.

आयुष्यभर ज्याने दशांशावर प्रेम केलं त्या माणसाला त्या दिवशी दशांश टोचला. ते मास्तरांकडे गेले. मास्तरांनी शांतपणे समजावलं. म्हणाले, की डोकी मोजली की चूक होते, पोरं खाली वाकतात. तीस वर्षं आपण पाय मोजत आलो, पाय मोजायचे आणि दोनाने भागायचे, एकही पोरगं कधी सुटलं नाही.

"पण मास्तर, बगळा एका पायावर उभा राहतो," दशांशराव म्हणाले.

"ती त्याची शिस्त," मास्तर म्हणाले. "मी माझी पद्धत सोडणार नाही. त्याने पाय खाली ठेवावा."

उलट मास्तरांचीच एक तक्रार होती. आपलं घर तळमजल्यावर, गॅलरीला भिंत आडवी, त्यामुळे नीट मोजायला काठावर जाऊन बसावं लागतं, आणि माणूस दिसला की पक्षी बिथरतात. एखादा आडोसा मिळाला तर आकडे सुधारतील. तुमचं ते गाडीचं आच्छादन चांगलं हिरवं आहे. शास्त्रासाठी देता का, दोन दिवस? आकडे सुधारतील म्हटल्यावर दशांशरावांचा नाइलाज झाला. मास्तरांनी चार काठ्या रोवून झाडाजवळच आच्छादनाचा तंबू केला, पुढे डोळ्यांपुरती फट ठेवली, आणि आत स्टूल नेऊन बसले. त्या दोन दिवसांचे पुढे किती दिवस झाले ते दशांशरावांनीही मोजलं नाही.

गाडी उघडी पडली. आणि धुणार कोण? सकाळी कचेरीआधीचा वेळ बेरजांत जात होता, सुटीचा दिवस दारोदार खुलासे मागण्यात. गाडी चालवायचा तर प्रश्नच नव्हता, ती सुटीच्या दिवशीच बाहेर पडायची.

आता बेरजेकडे येऊ. सगळ्या घरांचे मिळून राखी बगळे भरले चौदाशे. तळ्यात चौदा बगळे उतरले असते तर पंधराव्याला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बगळ्याला तर एकच पाय ठेवायचा असतो. दशांशरावांनी कॉलनीचा नकाशा काढला, कुणाच्या गॅलरीतून कुठलं पाणी दिसतं त्याच्या रेषा ओढल्या, आणि सगळ्या रेषा त्या वाळक्या बुंध्यावर येऊन एकमेकींना भेटल्या. बुंध्यावर उभा राहतो तो एक बगळा. मान खांद्यात घालून, पेन्शनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. सगळी कॉलनी महिनोन् महिने त्या एकट्याला मोजत होती.

शास्त्रीय दृष्ट्या हा फार सुंदर शोध होता. सामाजिक दृष्ट्या तो करायला नको होता. खात्री करून घ्यायला दशांशराव दारोदार गेले आणि नम्रपणे विचारू लागले, की आपला बगळा आणि शेजारच्यांचा बगळा एकच तर नव्हे? माणसाने माणसाला विचारू नये असा हा प्रश्न आहे. कारण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा नियम बगळ्यालाही लागू होता. एका बाई म्हणाल्या, आमचा बगळा त्या बिल्डिंगवाल्यांच्या बगळ्याशी बोलतसुद्धा नाही. दुसऱ्यांनी दार अर्धं उघडं ठेवून सांगितलं, की आमच्या घराण्यात खोटे पक्षी लिहायची पद्धत नाही. आणि डॉक्टरांनी तर दशांशरावांना खुर्चीत बसवलं, ती जरा मागे झुकवली, आणि वरून वाकून म्हणाले, "माझा बगळा वेगळा आहे. त्याला मी चोचीवरून ओळखतो. इतक्या वर्षांत मी कधी एका माणसाचा जबडा दुसऱ्याला लावला आहे?"

त्या अवस्थेत कुणीही ‘नाही’ म्हणेल तसं दशांशराव ‘नाही’ म्हणाले.

ह्या सगळ्यात नगरकचेरीची एक खेप झाली. अहवाल कुठे द्यायचा ते विचारायला दशांशराव अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. पहिल्या टेबलावरच्या कारकुनाने सांगितलं, झाडावर बसणारे पक्षी उद्यानखात्याकडे, पाण्यावर बसणारे पाणीखात्याकडे. उडणारे? उडणारे अजून कुणाकडे दिलेले नाहीत.

"तुमचा पक्षी बसतो कशावर?"

"वाळक्या बुंध्यावर. पण बुंधा पाण्यात आहे."

कारकुनाने पेनाला टोपण लावलं. "मग आधी बुंधा कुणाचा ते ठरवून आणा."

दोन जिने चढून, एक उतरून आणि एका टेबलावर तासभर फक्त पाणी पिऊन दशांशराव शेवटी उद्यानखात्यात पोचले. तिथे कळलं की अहवाल येत्या सोमवारपर्यंत पाहिजे. नाही आला तर मंगळवारपासून तळ्यात माती पडणार.

तेव्हा दशांशरावांनी आयुष्यातली सर्वात शास्त्रशुद्ध गोष्ट केली. त्यांनी ठरवलं की रविवारी सगळ्या कॉलनीने एकाच क्षणी मोजायचं. आपापला पक्षी आपापल्या वेळी नाही, सगळे एकदम. म्हणजे एक पक्षी दोनदा यायचा प्रश्नच नाही. सूचना लावली. घड्याळं कुणाची पुढे, कुणाची मागे, म्हणून सगळ्यांना एकदम कळेल अशी खूण हवी होती. आणि कॉलनीत एकाच माणसाकडे अशी खूण होती, जिच्यावर एके काळी पाचशे पोरं एका ताठ रेषेत उभी राहायची.

रविवारची सकाळ उत्तम होती. गॅलऱ्या भरल्या होत्या. तळ्यावर खरोखरच गर्दी होती. बुंध्यावर बगळा होता, झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते, काठावर पाणकोंबडी पिलांना घेऊन निघाली होती, खंड्या तारेवर होता. दशांशराव सांगतात, की एवढे पक्षी त्यांनी कधी पाहिले नव्हते. ‘एकदम तयार आहेत,’ असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

मग मास्तरांनी तंबूतून शिट्टी मारली.

ती शिट्टी ऐकून एका गृहस्थांनी चौथ्या मजल्यावर टाचा जुळवल्या. तळ्यावरचं सांगायलाच नको. पाणी एकदा थरथरलं आणि आकाश भरून गेलं, आणि मग तेही रिकामं झालं. बगळासुद्धा उडाला, जो उडू शकतो ह्याची कॉलनीत बऱ्याच जणांना कल्पना नव्हती. लोकांनी सूचनेप्रमाणे मान खाली घालून तळ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

संध्याकाळी कागद आले. सगळ्यांचा आकडा सारखाच. शून्य. फक्त डॉक्टरांनी ‘एक, पाठमोरा’ असं लिहिलं होतं, चोचीचा रकाना मोकळा सोडून.

"चला," बायको म्हणाली. "एकमत तरी झालं."

दशांशराव टेबलाशी बसले होते. समोर दोन आकडे होते. एक चौदाशे, ज्यावर सगळ्या कॉलनीच्या सह्या होत्या आणि जो धादांत खोटा होता. दुसरा शून्य, जो इतका शुद्ध होता की विमा कचेरीत त्याची चौकट करून लावली असती. आणि शून्याच्या मागे, डावीकडून तिसऱ्या जागेत, त्यांची गाडी उभी होती, धुतलेली, कोरडी. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. पद्धत बिनचूक होती.

"शून्य लिहिलं तर खोटं नाही ते," ते म्हणाले.

बायको ओटा पुसत होती. "मी कुठे काय म्हणतेय?"

"तू म्हणत नाहीयेस, पण पुसतेयस तशी."

"अहो, तुम्हाला आकडा बरोबर हवाय की गाडी आत हवीय, तेवढं ठरवा. मला टेबल हवंय."

उजेड होता अजून. दशांशराव चपला घालून तळ्यावर गेले आणि काठावरच्या दगडावर बसले. मास्तर तंबूत नव्हते, शिट्टीनंतर ते आपणहून घरी जाऊन बसले होते. तळं रिकामं होतं. बराच वेळ काही झालं नाही. डासांनी मात्र दशांशरावांची दखल घेतली. मग झाडावर काहीतरी फडफडलं. आणि थोड्या वेळाने तो आला, पंख आवरत, लांब पाय खाली सोडत, आणि बुंध्यावर उभा राहिला. मान खांद्यात घातली. एक पाय वर घेतला. दशांशरावांच्या लक्षात आलं, की एवढे दिवस आपण त्याच्या बेरजा केल्या, सरासरी काढली, प्रमाण विचलन काढलं, पण त्याला बघितलं नव्हतं. तो काही दखलपात्र वगैरे दिसत नव्हता. जागा आपली आहे अशा खात्रीने उभा होता, एवढंच. ही खात्री दशांशरावांना साडूकडून गाडी घेतल्यापासून कुठेही उभं राहताना वाटली नव्हती.

घरी येऊन त्यांनी अहवाल लिहिला. चौदाशे कसे झाले ते लिहिलं, कोकिळांचं लिहिलं, शिट्टीचं लिहिलं, शून्य लिहिलं. आणि शेवटी निष्कर्ष: ‘राखी बगळा, एक. स्वतः पाहिला. बाकीचे असतील, पण मला सिद्ध करता येत नाहीत.’

सोमवारी अहवाल गेला आणि त्याची नक्कल सेक्रेटरींनी फलकावर लावली. दुपारपर्यंत दशांशरावांशी बोलणारं कुणी उरलं नाही. एका बगळ्यावर कुठे तळं वाचतं? डॉक्टर जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की मी आधीच सांगितलं होतं, बाहेरून माणूस आणा. आजी तेवढ्या म्हणाल्या, की माझे कोकीळ खोडलेस ते खोडलेस, पण ‘बेल’ असं लिहायचं काही नडलं होतं का? दशांशरावांना त्या एका वाक्याने जेवण गेलं नाही.

मंगळवारी सकाळी मातीचा ट्रक यायच्या आधी उद्यानखात्याची जीप आली. तीतून निरीक्षक बाई उतरल्या. पायात रबरी बूट, गळ्यात दुर्बीण, आणि तोंडावर सकाळपासून एकही शब्द वाया न घालवल्याचा भाव. बघता बघता सगळी कॉलनी तळ्याकाठी जमली. कपडे बदलून. डॉक्टरांनी तोफ आणली. सेक्रेटरी भाषणाला उभे राहिले. एवढ्या माणसांना बघून उरलेसुरले पक्षीही उठून गेले.

बाई म्हणाल्या, "शहरभरातून माझ्याकडे अहवाल आलेत. सगळ्यांकडे हजार, दोन हजार. एकाकडे तर एवढे राजहंस आहेत की मला सुटी घ्यावीशी वाटली. ‘एक’ असा आकडा फक्त इथून आला. म्हटलं, तो एक बघून यावा. कुठाय?"

सगळ्यांनी बुंध्याकडे बघितलं. बुंधा रिकामा होता.

डॉक्टर कुणालाही ऐकू येईल असं पुटपुटले, की तो एकसुद्धा ह्यांना सांभाळता आला नाही. बाई वळल्या, झाडाकडे बघितलं, मग झाडाखाली बघितलं, आणि तिथेच थांबल्या.

"ही गाडी कुणाची?"

आयुष्यभर खऱ्या आकड्यासाठी झटलेल्या माणसाला सगळ्यात आधी सुचलं ते हे: नो पार्किंग, दंड, पावती. "चौकशी करावी लागेल," दशांशराव म्हणाले.

"ह्यांचीच आहे," मागून बायकोचा आवाज आला.

गाडी ओळखू येण्यासारखी राहिली नव्हती. तिचा मूळ रंग साडूला आठवला असता तर असता. बाईंनी हातमोजे घातले आणि गाडीभोवती फिरू लागल्या, सराफाच्या दुकानात फिरावं तसं. हा लांब पांढरा पट्टा, बगळा. हे इथे सगळं पाणकावळ्यांचं, वर वसाहत असणार. हे जांभळं, बिया आहेत, म्हणजे फळं खाणारे, निदान दोन जातींचे. टपावर गोळे होते करड्या रंगाचे, त्यांनी चिमट्याने एक फोडला, आत उंदराची बारीक हाडं. घुबड. वायपरखाली एक निळं पीस. खंड्या. बाजूच्या आरशावर चोचीचे ओरखडे होते, कुणीतरी रोज येऊन आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत होता. प्रत्येक नावाला गर्दीतून एक उसासा निघत होता.

मग बाई पुढच्या बाजूला खाली वाकल्या, नंबरप्लेटच्या मागे दुर्बिणीशिवाय डोकावल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. तिथल्या जाळीच्या पोकळीत काटक्यांचं, केसांचं आणि दशांशरावांच्याच पुसायच्या फडक्याच्या धाग्यांचं घरटं होतं. त्यात तीन अंडी. धोबी पक्ष्याची, बाई म्हणाल्या. जी गाडी महिनाभर कुणी धुतली नाही, तिथे येऊन राहायला कुणी सुचवलं असेल त्याला, देव जाणे.

"किती दिवस धुतली नाही?" त्यांनी विचारलं.

"वेळ झाला नाही," दशांशराव मान खाली घालून म्हणाले. "पक्षी मोजत होतो."

"आणि हलवली नाही?"

"तेच."

"इतक्या निष्काळजीपणे राखलेली गाडी मी दहा वर्षांत बघितली नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखर आदर होता. "शिकवूनसुद्धा कुणाकडून असं होत नाही. आम्ही अशा नोंदीसाठी पांढऱ्या चादरी पसरतो, त्या लोक चोरून नेतात."

ट्रक आला आणि आला तसा परत गेला. आठवड्याने उद्यानखात्याचा हुकूम आला. तळं दखलपात्र ठरलं होतं, बुजवणं रद्द. दुसऱ्या परिच्छेदात होतं, की झाडाखालील वाहन हे नमुनाक्षेत्र क्रमांक एक असून ते पुढील आदेशापर्यंत धुवू, झाकू अथवा हलवू नये. सोबत दोन माणसं आली, त्यांनी गाडीभोवती चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, आणि एक पाटी लावली: आरक्षित. सगळ्या शहरात सरकारने स्वतःहून पाटी लावून दिलेली गाडीची जागा एकट्या दशांशरावांकडे आहे. फक्त तिथून गाडी काढता येत नाही.

साडू बघायला आला होता. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, माझ्याकडे होती तेव्हा पण ही फार चालत नव्हती.

कॉलनी आता दशांशरावांशी बोलते. बोलते म्हणजे भांडते. बॉनेटवरचा तो मोठा पट्टा आपल्याच बगळ्याचा आहे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, आणि तशी नोंद व्हावी म्हणून त्यांनी अर्ज दिलाय. आजींनी शेजाऱ्यांना बेल बदलू दिलेली नाही. टेबल बायकोला परत मिळालं. एकदा जेवताना दशांशरावांनी आपणहून सांगितलं की भाजी चांगली झालीय. बायको आकड्याची वाट बघत थांबली. तो आला नाही. मग तिने त्यांना आणखी वाढली.

सकाळी ते बसथांब्याकडे निघाले की वाटेत तळ्यापाशी क्षणभर थांबतात. एक दिवस असेच थांबले. घरट्यातली पिलं उडून गेली होती, आदेश मात्र होता तिथेच होता. गाडीच्या टपावर, चांगला मधोमध, तो उभा होता, मान खांद्यात घालून, एक पाय वर घेऊन.

‘एक,’ दशांशराव मनात म्हणाले.

"अर्धा," हिरव्या आच्छादनामागून मास्तर म्हणाले.